फळ्यावरची कुस्ती

मास्तर टीव्ही उभ्याने बघायचे. घरात सोफा होता, त्यावर वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, स्वतः विणलेलं क्रोशाचं आवरण होतं. पण त्या आवरणावर मास्तर कधी टेकले नाहीत. सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून उभ्याने गेलेली. बसलं की झोप येते, म्हणायचे. पाय जरा फाकवलेले, गुडघे सैल सोडलेले, एक हात खिडकीच्या गजाला. आमच्या इमारतीने कधी अचानक ब्रेक मारला असता, तर आम्ही सगळे कोलमडलो असतो, मास्तर नसते कोलमडले.

ते मास्तर शाळेतले नव्हेत. मुंबईत बसच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात, त्यातले. निवृत्तीनंतर गणवेश सुटला, पैशांची कातडी पिशवी सुटली, मास्तर तेवढं राहिलं.

आणि उभ्याने काय बघायचे, तर कुस्ती. आपली लाल मातीतली नव्हे. ती अमेरिकेतली, दोऱ्या बांधलेल्या चौकोनात चालणारी, जिच्यात माणसं एकमेकांच्या पाठीत लोखंडी खुर्च्या घालतात आणि पुढच्या आठवड्यात त्याच पाठीवर प्रेमाने थाप मारतात. तिकडे सोमवारची रात्र असते तेव्हा इकडे मंगळवारची सकाळ. त्यामुळे मुलुंड पूर्वेच्या आमच्या चार मजली सोसायटीत दर मंगळवारी, दूध उतू जायच्या सुमारास, तळमजल्यावरून आरोळी यायची, "अरे मागे बघ, मागे." जुनी माणसं दुधाखालचा गॅस बंद करायची. नवे भाडेकरू दचकून मागे बघायचे.

मी तेव्हा तरुण होते. म्हणजे अठ्ठावन्न. सरकारी कचेरीतून नुकतीच निवृत्त झाले होते आणि आता आपण साहित्यिक होणार याबद्दल माझी खात्री पटली होती. तयारी पूर्ण होती. खादीची शबनम घेतली होती, मोत्यांची माळ घेतली होती, बोलताना मध्येच थांबून दूर कुठेतरी बघण्याची सवय लावून घेतली होती. लिहायचं तेवढं राहिलं होतं. ती बाई आज मला जिन्यात भेटली, तर मी तिला वाट देईन आणि ती पुढे गेली की रेलिंगला धरून हसेन.

आमच्या जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांशेजारी, सोसायटीचा फळा होता. मास्तरांचं अक्षर सुबक, म्हणून तो लिहायचं काम त्यांच्याकडे. पाण्याच्या वेळा, गच्चीची किल्ली कुणाकडे, कुणाकडे बारसं, कुणाकडे सुतक. आणि सगळ्यात खाली, रंगीत खडूने, रोजचा सुविचार. एका मंगळवारी मास्तरांना सुविचार सुचेना. डोक्यात सकाळची कुस्ती. खडू तर हातात घेतलेला. मग त्यांनी कुस्तीच लिहिली:

"मामलेदार आज उशिरा आला. आल्यावर घड्याळ बघितलं, जसा काय उशीर आपणच केला. नारळ्याने त्याला दोरीवर घातला, सतरंजी वाळत घालावी तसा. मग मामलेदाराच्या माणसाने मागून खुर्ची मारली. पंच दुसरीकडे बघत होता. पंच नेहमी दुसरीकडे बघतो. पाणी सकाळी सहा ते सात."

नारळ्या आणि मामलेदार ही मास्तरांनी ठेवलेली नावं. त्या पैलवानांची इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर टिकत नसत, आणि टिकली तरी पटत नसत. एकाचं डोकं तुळतुळीत आणि वर शेंडीसारखा एकच झुबका, तो नारळ्या. हा मास्तरांचा जीव की प्राण. दुसरा कोट घालून यायचा, लोकांना ताटकळत ठेवायचा आणि हरायला लागला की नियम काढायचा, म्हणून तो मामलेदार. महिन्याभरात अख्खी सोसायटी ही नावं घ्यायला लागली. मंगळवारी ऑफिसला निघालेले लोक बूट घालून फळ्यासमोर थांबायचे, वाचायचे, चुकचुकायचे आणि मग बसस्टॉपकडे पळायचे.

आमच्या सेक्रेटरींना हे रुचलं नाही. बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांनी वार्षिक सभेत विषय काढला. म्हणाले, ही कुस्ती आधी ठरवून केलेली असते. कोण जिंकणार, कोण पडणार, सगळं ठरलेलं. म्हणजे ती खोटी. आणि सोसायटीच्या फळ्यावर खोटा मजकूर असू नये.

सगळे मास्तरांकडे बघायला लागले. ते अर्थातच मागे भिंतीशी उभे होते.

"साहेब, आमच्या गावात दशावतार होई," ते म्हणाले. "नाटकात इष्णू कोण, तर आमचो वाणी. दिसभर मापात मारी. रात्री तोच मुकुट घालून उभो रवलो, की माझी आवस हात जोडी. तिका काय ठावक नव्हता, ह्यो वाणी म्हणान? सगळा ठावक होता. तरी जोडी."

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं की खोटं पुसायचंच असेल तर आधी पाण्याच्या वेळा पुसा. विषय तिथेच संपला. पुढच्याच मंगळवारी सेक्रेटरी फळ्यासमोर दिसले. दोन्ही हात मागे बांधून, पाण्याच्या वेळा वाचत असल्यासारखे. पाण्याच्या वेळा वाचायला एवढा वेळ लागत नाही.

मास्तरांचे आणखीही नियम होते. बसमध्ये घंटा एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. घरातही तोच कायदा. वहिनी बोलत सुटल्या की मास्तर कपाटावर एकदा टकटक करायचे. वहिनी दोनदा टकटक करून पुढे बोलायच्या. आणि कुठल्याही प्रसंगी त्यांच्या तोंडी एकच मंत्र: पुढे सरका. लग्नातल्या जेवणाच्या रांगेला पुढे सरका, परीक्षेत नापास होऊन रडणाऱ्या पोरीला पुढे सरका, जिन्यात भांडत उभ्या असलेल्या नवराबायकोला तर दोघांनाही वेगवेगळ्या दिशेने पुढे सरका. नारळ्याची अजिंक्यपदाच्या पट्ट्यासाठी कुस्ती असली की त्या दिवशी मास्तर मासे वर्ज्य करायचे. वहिनी नेमके त्याच दिवशी बांगडे तळायच्या आणि विचारायच्या, "नारळ्यान सोडल्यानी काय मासे? मगे तुमी कित्याक सोडलात?"

एका मंगळवारी फळ्यावर फक्त एवढंच होतं: "आज माणसाला खरोखर लागलं. मजकूर नाही." खाली पाण्याच्या वेळासुद्धा नव्हत्या. मी खोचकपणे विचारलं की खोट्या कुस्तीत खरं लागलेलं तुम्हाला कसं कळलं. म्हणाले, मामलेदाराचा हात आज समोरच्याला मारता मारता थांबला, आणि तो पडलेल्या माणसाकडे बघायला लागला. तो पडलेला पैलवान बरा असल्याची बातमी कळेपर्यंत ते रोज संध्याकाळी देवळात जाऊन येत होते. तो मामलेदाराच्या बाजूचा होता, हे वहिनींनी मला नंतर सांगितलं.

आता ती इमारत नाही. जागी टॉवर झालाय, सूचना मोबाईलवर येतात, आणि मास्तर-वहिनी सावंतवाडीकडे गावी राहतात. पण ते नंतरचं.

तर मी. साहित्यिक व्हायचं होतं आणि विषय मिळत नव्हता. एके दिवशी बघते तर बाहेरची दोन कॉलेजातली मुलं आमच्या फळ्याचा फोटो काढून नेत होती. माझ्या डोक्यात वीज चमकली. सुनेचा जुना लॅपटॉप घेतला, मराठी टायपिंग तर कचेरीतच हातात बसलेलं, आणि मास्तरांच्या मजकुराचा ब्लॉग काढला. मास्तरांचं नाव एकदा आलं होतं. माझं तीनदा: संपादन, शब्दांकन, मांडणी.

आणि नुसतं टाईप करून थांबेन तर ती मी कसली. मी त्यांची भाषा सुधारली. 'दोरीवर घातला' हे मला बाजारी वाटलं, म्हणून मी लिहिलं, 'नारळ्याने प्रतिस्पर्ध्यास रज्जूंवर आडवे केले.' मास्तरांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "ह्यो रज्जू कोण? नवीन इलो?" वाचकांनीही तेच विचारलं. मग मी निमूटपणे सतरंजी परत दोरीवर घातली.

यात एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. एवढ्या सगळ्या काळात मी एकही कुस्ती पाहिलेली नव्हती. मला हिंसा बघवत नाही, असं मी म्हणायचे. खरं म्हणजे मंगळवारी सकाळी माझा योगवर्ग असायचा, आणि तिथे माझ्याहूनही कमी वाकणाऱ्या दोन बायका होत्या. त्यांना बघण्यात माझी सकाळ फार छान जायची.

वाचक वाढले. मुलुंडचे, ठाण्याचे, मग पार बोरिवलीचे. ते लिहायचे, मास्तर, कुस्तीला पाचपैकी गुण द्या. मास्तर म्हणाले, गुण देणारे मास्तर वेगळे, मी तो नव्हे. मी हट्ट धरला, कारण परीक्षण म्हटलं की गुण हवेत, असं माझं साहित्यिक मत होतं. शेवटी त्यांनी त्यांच्या पद्धतीने तोड काढली. ते गुणांऐवजी स्टॉप द्यायला लागले. कुस्ती मुलुंडहून सुटते, ती कुठपर्यंत जाते ते सांगायचं. "आजची कुस्ती भांडुपलाच बंद पडली." "विक्रोळीपर्यंत चांगली पळाली, पुढे ट्रॅफिक." "घाटकोपर, आणि उभ्याने सुद्धा मजा आली." सायनपर्यंत जाणारी कुस्ती वर्षातून एखादी. लोक अगदी वेडे झाले. ऑफिसात, कट्ट्यावर पोरं एकमेकांना विचारायची, काल किती गेली रे, कांजूर का?

मग त्या चाहत्यांनी एक मेळावा भरवला. घाटकोपरला, एका मॉलच्या वरच्या मजल्यावर. मास्तर कडक इस्त्रीचा टेरिलिनचा शर्ट घालून, मी इरकली नेसून. पोरांनी वाकून नमस्कार केला, मास्तरांच्या हातात श्रीफळ दिलं, आणि त्या नारळाला कुणीतरी मुद्दाम झुबकेदार शेंडी ठेवली होती. मास्तर इतके हसले की त्यांना खोकला लागला.

पुढे चर्चा झाली. फार गोड पोरं. त्यांनी मास्तरांना सगळं समजावून सांगितलं. तिकडे या कथा लिहिणारी माणसं असतात, ती कुठल्या दिवशी काय ठरवतात, ते बाहेर कसं फुटतं, आपल्याला आधी कसं कळतं. एकजण म्हणाला, "मास्तर, नारळ्याचा करार संपतोय. येत्या मंगळवारी पट्टा जाणार त्याचा, मामलेदाराकडे. नक्की. तुमचं काय मत?"

मास्तरांनी मान हलवली. प्रवासी पत्ता सांगतो तेव्हा कंडक्टर हलवतो तशी. परत येताना बस अर्धी रिकामी होती. मी बसले, ते उभे. भांडुपला त्यांनी गजावरचा हात बदलला. मग म्हणाले, "म्हणजे मुकुटातल्या वाण्याक किती पगार, ता पण म्हायत आसा ह्येंका."

त्या दिवसापासून त्यांच्या फोनवर रोज बातम्या यायला लागल्या. कोण येणार, कोण जाणार, कोणाचा गुडघा खरंच दुखतोय आणि कोणाचा नुसताच कथेत. मजकूर एकदम जाणकार झाला. 'लेखनाला आता खोली आली,' असं मी वाचनालयातल्या बायकांना सांगितलं आणि दूर कुठेतरी बघितलं.

त्या मंगळवारी सकाळी वहिनींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. कुस्ती संपली की लगेच निघायचं, फळा लिहायला वेळ नाही. म्हणून मास्तरांनी मजकूर सोमवारी संध्याकाळीच लिहून टाकला.

"नारळ्या पडला. मामलेदाराने त्याला घाई न करता पाडला, सरकारी कामासारखा. पट्टा गेला. नारळ्या उठला, दोऱ्या ओलांडून खाली उतरला आणि चालत गेला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. कुस्ती घाटकोपरपर्यंत. पाणी सहा ते सात."

इतकं सुंदर त्यांनी आधी कधी लिहिलं नव्हतं. सोमवारी रात्री कामावरून येणारे लोक फळ्यापुढे थांबले. सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. वरच्या मजल्यावरची बाई घरात जाऊन नवऱ्याला म्हणाली की नारळ्या गेला रे आपला. मी तो मजकूर टाईप केला, एक शब्दही न सुधारता. सगळ्या इमारतीने शोक केला, आणि आज सोमवार आहे, कुस्ती उद्या आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

मंगळवारी सकाळी सगळं अगदी तसंच झालं. पट्टा गेला, नारळ्या चालत गेला, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तळमजल्यावरून आवाज आला नाही. दोन घरांत दूध उतू गेलं.

मी योगवर्गाहून आले तर वहिनी पायरीवर बसलेल्या. डॉक्टरकडे जायची साडी नेसलेली, पण निघालेल्या नाहीत. मी विचारलं काय झालं.

"बाये, नारळ्या पडलो," त्या म्हणाल्या, "आणि ह्येनी चाय मागितल्यानी."

मी म्हटलं, मग?

"बसान पिले. सोफ्यार."

तेव्हा मला काही कळलं नाही. मी त्यांना सांगितलं की उलट चांगलं आहे, मास्तर परिपक्व झाले. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. सरकारी कचेरीत मी अनेक वर्षं लोकांकडे जसं बघत होते, तसंच.

संध्याकाळी मास्तरांनी ओल्या फडक्याने फळा पुसला. पाण्याच्या वेळा लिहिल्या. खाली लिहिलं, "कुस्तीचा मजकूर आजपासून बंद." आणि त्याखाली, बऱ्याच काळाने, एक सुविचार.

मी तशीच चपला न घालता खाली धावले. म्हटलं, मास्तर, असं कसं, आपले वाचक काय म्हणतील, आता कुठे आपल्याला ओळख मिळतेय. 'आपल्याला' हा शब्द मी किती सहज वापरायचे. मास्तर फडकं पिळत होते. ते शांतपणे म्हणाले,

"बाई, पवईच्या रूटवर मी किती वर्षां होतंय. तळा इला की सगळी बस खिडकीत. पोरां, म्हातारी, सगळी. मी तिकिटां फाडी. एकदा रजेच्या दिवशी बायलेक घेवन त्या बसान गेलंय, तेव्हा पयल्यांदा तळा बघितलंय. लिवणा तसाच आसा. सगळे बघतत, आणि मी तिकिटां फाडतंय. काल तर बस सुटायच्या आधीच फाडलंय."

मी विचारलं, मग वाचकांना काय सांगू?

"पुढे सरका म्हणान सांग."

मी ऐकते होय. रात्री बसून चार पानी निरोपाचा लेख लिहिला. त्याचं नाव 'एका युगाचा अस्त'. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन वाचायला घेतला. दोन वाक्यं झाली असतील, मास्तरांनी हात लांब करून कपाटावर एकदा टकटक केलं. तो लेख तिथेच थांबला, तो आजपर्यंत.

ब्लॉगवर मी दोन ओळींची सूचना टाकली. पोरं हळहळली, काही रागावली. एकाने लिहिलं की मजकूर नको, निदान कुठल्या स्टॉपपर्यंत गेली तेवढं तरी कळवा. मास्तरांनी तो हुशार फोन मुलाला देऊन टाकला आणि बटणांचा जुना काढला. कोण येणार, कोण जाणार, आता त्यांना कोणी सांगणार नव्हतं. लिहायचंही नव्हतं. म्हणजे आता सगळं पहिल्यासारखं होईल, असं आम्हाला वाटलं.

झालं नाही. मंगळवारमागून मंगळवार गेले, तळमजला गप्प. मास्तर कुस्ती बघायचे, पण सोफ्यावर बसून, कपबशी घेऊन, बातम्या बघाव्यात तशी. अक्षर तेवढंच सुबक, सुविचार तेवढेच सज्जन, आणि माणूस एकदम वयाएवढा दिसायला लागला.

एका सकाळी वहिनी वर आल्या. मी त्यांना कधी इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

"पयली लोका तक्रार करीत, आता मी करतंय. ह्येंका बोंबलाक सांग गो. तू ये मंगळवारी बघूक. तुका कुस्तीतला कायच कळणा नाय, तूच बरी."

माझ्या ब्लॉगवर तेव्हा नव्वद परीक्षणं होती की शंभर, मला आठवत नाही. पण वहिनींनी एका वाक्यात माझं अचूक परीक्षण केलं. त्यांना केव्हापासून माहीत होतं कोण जाणे. मी योगवर्ग बुडवून गेले.

दारातच मास्तरांनी अट घातली. माझा मोबाईल वहिनींच्या तांदळाच्या डब्यात गेला. आणि या घरात बघितलेल्या कुस्तीवर एक ओळसुद्धा लिहायची नाही, असा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला. मास्तरांबद्दल लिहायला त्यांची ना नव्हती. कुस्तीबद्दल होती.

पहिलं म्हणजे मामलेदार. माझ्या डोक्यात तो जाड, मिशाळ, पानाचा डबा बाळगणारा. बघते तर लग्नाच्या कोटातला एक देखणा, सडपातळ मुलगा. मी म्हटलं हा कोण? मास्तर म्हणाले, दोन वर्षं टाईप करत होतीस त्याला. मग माझे प्रश्न सुरू झाले. हा पंच दुसरीकडे का बघतो? याची चप्पल कुठे गेली? तो पडलेला आहे तर हा आधी दोरीवर चढून लोकांना हात का दाखवतो, आधी मारून घे ना. मास्तर सोफ्यावरून, चहाचा घोट घेत, सगळं आधीच सांगायचे. "आता पडतलो. आता पंचान दोन मोजल्यार उठतलो. आता खुर्ची येतली." आणि खुर्ची यायची. वहिनी कपाळाला हात लावायच्या.

त्याच सुमाराला त्या कुस्तीत एक नवीन पोरगा यायला लागला. काटकुळा, कान बाहेर आलेले, चड्डी जरा सैल. त्याला नाव नव्हतं, निदान आम्हाला ते कळलं नाही. दर मंगळवारी यायचा, मार खायचा, जायचा. वहिनी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अगदी माझो भाचो." झालं. तो भाचा.

मास्तरांनी समजावलं की त्याला हरायलाच आणलेलं असतं. मोठ्या पैलवानांना पाडायला कोणीतरी लागतं, तो हा.

"तुमका कोणी सांगल्यान?" वहिनी.

"सांगूक कित्याक व्हया? दिसता ता."

"माका नाय दिसणा," वहिनी म्हणाल्या आणि भाच्यासाठी टीव्हीच्या पुढ्यात गुळाचा खडा ठेवला.

भाचा हरत राहिला. गणपती गेले, नवरात्र गेलं. योगवर्गातल्या त्या दोन बायका माझ्याशिवाय आता कितपत वाकतात, याची चौकशीसुद्धा मी सोडून दिली. वहिनींचा गुळाचा खडा दर मंगळवारी जरा मोठा. मास्तर दर मंगळवारी आधी सांगायचे, तसंच व्हायचं, आणि वहिनी त्यांच्याकडे असं बघायच्या, जसं काही भाच्याला तेच पाडतायत.

मग एका मंगळवारी भाच्यापुढे मामलेदारच आला. उशिरा आला, घड्याळ बघितलं. मास्तर म्हणाले, "तीन मिनटां. जास्त नाय." चहाचा कप उचलला.

मामलेदाराने भाच्याला उचलून आपटला. पंचाने जमिनीवर हात मारून एक मोजलं, दोन मोजलं, तीन म्हणजे हार, आणि त्याआधीच भाच्याने खांदा उचलला. "हां," मास्तर म्हणाले, "एकदा उचलतत. आता नाय." परत आपटला. एक, दोन, परत खांदा. मामलेदाराने कोट काढला. त्याला कोट काढताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं, आणि मास्तरांनीही पाहिलं नसावं, कारण त्यांचा कप बशीवर वाजला. मग भाचा दोरीला धरून धरून उभा राहिला, कान लाल, आणि त्याने मामलेदाराला हाताने खूण केली. ये म्हणाला.

पुढचं मला फारसं सलग आठवत नाही. वहिनी हात जोडून देवाला मालवणीत काहीतरी दम देत होत्या. मी, मोत्यांची माळ घालणारी, हिंसा न बघवणारी, उभी राहून, "उठ मेल्या, उठ, आई जेवायला थांबलीय तुझी," असं ओरडत होते. आई कुठून आली मला ठाऊक नाही. आणि टीव्हीच्या बरोब्बर समोर उभी होते, हेही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात माझ्या मागून, जिन्यातून पार गच्चीपर्यंत जाईल असा आवाज आला.

"बाई, बाजूक हो गो, दिसणा नाय माका!"

मी बाजूला झाले. मास्तर उभे होते. चहा शर्टावर सांडलेला, बशी हातात, कप खाली. ते टीव्हीला ओरडायला लागले, भाच्याला, मामलेदाराला, पंचाला, पंचाच्या बापाला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी दांड्याने जमीन ठोकली. वहिनी उठल्या, आम्हाला वाटलं खिडकी लावायला. त्यांनी होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या खिडक्या उघडल्या, दारसुद्धा उघडलं, आणि डोळ्याला पदर लावून दारात उभ्या राहिल्या. जिन्यात माणसं जमली. टीव्ही कोणालाच दिसत नव्हता. सगळे मास्तरांकडे बघत होते.

शेवटी काय झालं, भाचा जिंकला की हरला, असं मला तेव्हापासून पुष्कळांनी विचारलंय. इतकं लिहिलं तेच जास्त झालं, पुढचं नाही सांगणार. शब्द दिलाय.